पावणेपाच फुटांची काच

तारीख २, रविवार

या घरात आज दोन पाहुणे आले. एक मी आणि दुसरा टीव्ही. तो मोठा, म्हणून मान त्याचा. माझी पिशवी आणि शिलाई मशीन जिन्यात बाजूला सारलं आणि त्याचं खोकं आधी वर गेलं. मुलगा खालून ओरडत होता, जपून, जपून, काच आहे. मी म्हटलं, अरे, मीही काचच आहे, परवाच डोळ्यात बसवलीय. हमाल इतका हसला की खोकं भिंतीला घासलं आणि आमच्या चिरंजीवांचं तोंड उतरलं.

मोतीबिंदू काढल्यावर एकटीने राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मुलगा मला घेऊन आला. टीव्हीसमोर महिनाभर बसायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं. म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि जेवू नका म्हणायचं.

ही वही नातीने दिली. मागच्या वर्षीची, अर्धी कोरी. शाळेत तिचं नाव काय असेल ते असो, मी तिला भिंगरी म्हणते. आठ वर्षांची पोर, दोन मिनिटं एका जागी टेकेल तर शपथ. म्हणाली, आजी, तू बोलतेस तसं लिही, मी रोज तपासून चांदणी देईन. मी चौथी शिकले, ती तिसरीत आहे. अजून वर्षभर तरी मी तिच्या पुढे आहे.

(इथे तिने लाल पेन्सिलीने चांदणी काढली. पाच टोकांची, एक टोक जरा लांब. आता ती त्या चांदणीभोवती एका पायावर नाचतेय.)

तारीख ३, सोमवार

घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेरची खोली लांबट, आगगाडीच्या डब्यासारखी. एका टोकाला भिंतीवर टीव्ही, समोर सोफा, सोफ्यामागे कपाट आणि कपाटाच्या आडोशाला खिडकीजवळ माझं मशीन. इथून टीव्हीची काच तिरकी दिसते. काचेत मी दिसत नाही, सोफा तेवढा अख्खा दिसतो. मला बरंच आहे. म्हातारं तोंड बघायची हौस फिटली.

चाळीस वर्षं गाद्या-पडद्यांच्या दुकानात मशीन चालवलं. ज्याला चार कोपरे आहेत त्याला मी खोळ शिवते. सगळे बाहेर गेल्यावर टेप काढून टीव्ही मोजला. लांबी पावणेपाच फूट, उंची पावणेतीन, जाडी दोन बोटंसुद्धा नाही. इतकं सगळं त्यात कुठे मावतं, देव जाणे. सूनबाईंना म्हटलं, निळ्या कापडाची खोळ शिवते, धूळ बसणार नाही. त्या म्हणाल्या, आई, टीव्हीला खोळ कोण घालतं आता? लोक हसतील. मी म्हटलं, लोक तर नुसत्या काचेलाही हसतात. पण कापड परत ठेवून दिलं. पहिल्याच आठवड्यात आपण सासू आहोत हे सिद्ध करायचं नसतं.

टीव्हीखाली एक लाल ठिपका रात्रंदिवस जळतो. मुलगा म्हणतो तो बंद करायचा नसतो, टीव्ही आतून चालूच असतो.

(चांदणी. शेजारी लिहिलंय: सासू म्हणजे तूच ना?)

तारीख ५, बुधवार

काल आणि आज तिघंही संध्याकाळी सोफ्यावर. मुलगा डाव्या कडेला, सूनबाई मधे, भिंगरी उजवीकडे उशी पोटाशी धरून. मी मागून त्यांची डोकी बघते. दोन तास भिंगरी हलली नाही. मला आधी बरं वाटलं. मग वाटलं, हिला ताप तर नाही? कपाळाला हात लावून पाहिला, गार होतं. तिने माझा हात बाजूला केला, डास हाकलावा तसा.

जेवताना विचारलं, काय होतं गं एवढं? म्हणाली, माहीत नाही, पण छान होतं. मुलाला विचारलं, त्यालाही सांगता येईना. सूनबाई म्हणाल्या, चित्र इतकं स्वच्छ आहे ना आई, आपण तिथेच आहोत असं वाटतं.

(चांदणी, घाईघाईची.)

तारीख ८, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवते. घोटाळा होऊन उपयोगाचा नाही.

सकाळी दहा वाजता तिघं बागेत गेले. मी दार लावलं, उशीच्या अभ्र्याला टीप मारायला बसले. दोरा संपला म्हणून मान वर केली. टीव्ही बंद होता, काच काळी. त्या काचेत सोफा, आणि सोफ्यावर तिघं बसलेले. मुलगा पायावर पाय टाकून, सूनबाई मधे, भिंगरी उशी घेऊन. मी विचारलं, एवढ्यात आलात? काय विसरलात? कुणी उत्तर दिलं नाही. या घरात पहिल्या हाकेला मला कुणीच उत्तर देत नाही, म्हणून त्याचं मला काही वाटलं नाही. मी दुसरी बॉबिन भरली. मग उठून कपाटाच्या पलीकडे गेले.

सोफा रिकामा होता. बसून बसून तीन खळगे पडलेत, तेवढेच.

पुन्हा काचेकडे पाहिलं. तिघं होते. सोफ्यावर हात फिरवला, उशी उचलून झटकली. काचेत माझा हात मुलाच्या गुडघ्यातून आरपार गेला आणि त्याने पापणीही हलवली नाही.

साडेबाराला ते बागेतून आले. भिंगरीच्या बुटाला माती होती. म्हणजे ते खरंच गेले होते.  नवा डोळा आहे, बसायला वेळ लागत असेल.

(आज तिने वही मागितली नाही.)

तारीख १०, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ वाचली आणि तिच्याखाली बारीक अक्षरात तक्ता छापणाऱ्याचा पत्ता होता तोही वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, आजी, माझे डोळे तुमच्याशी बदलता का? म्हणजे डोळ्यात खोट नाही.

मुलाला सगळं सांगितलं. तो ऐकत होता की नाही, कळलं नाही. म्हणाला, आई, काचेत प्रतिबिंब दिसतंच. मी म्हटलं, रिकाम्या सोफ्याचं? तो म्हणाला, हो. आणि टीव्ही लावला.

रात्री सगळे झोपल्यावर मी टीव्हीचं भिंतीवरचं बटण बंद केलं. लाल ठिपका विझला. काचेतले तिघं होते तसेच. आता ते सोफ्यावरून उठतच नाहीत.

तारीख १२, बुधवार

घरातली माणसं पातळ झालीत. अंगाने नव्हे. दुधात पाणी घालत जावं तशी. मुलगा चहाचा कप हातात घेऊन उभा राहतो आणि प्यायचं विसरतो. सूनबाईंशी भांडण काढून पाहिलं. त्यांच्या माहेरचा विषय काढला, त्यावर त्या कधी गप्प बसत नाहीत. म्हणाल्या, असेल आई. असेल! या बाईने मला दहा वर्षांत एकदाही ‘असेल’ म्हटलेलं नाही.

भिंगरीला म्हटलं, बाई, चांदण्या राहिल्यात माझ्या. तिने विचारलं, कसल्या चांदण्या?

दुपारी घरात एकटी होते. काचेकडे बघायचं नाही असं ठरवून बसले, आणि अर्थातच बघितलं. मुलगा आणि सूनबाई काचेत सरळ समोर बघत बसलेले, तोंड अर्धं उघडं. पण भिंगरी — ती चुळबुळत होती. पाय हलवत होती, सोफ्यावर उलटी लोळत होती, आईची बाही ओढत होती. आई बघत नव्हती. मग तिने माझ्या दिशेला मान केली आणि हात हलवला.

गेले तीन दिवस या घरात भिंगरी असली तर ती तिथे आहे. शाळेतून येऊन जी जेवते, ती कोण, मला सांगता येणार नाही. टरफल म्हणा.

तारीख १४, शुक्रवार

मी चूक केली.

काल दिवसभर बसून खोळ शिवली. निळं जाड कापड, आतून अस्तर, वरून सरकवायची. विचार एवढाच की झाकलं की संपलं. जन्मभर मी वस्तू झाकल्या. पिंजऱ्यावर कापड टाकलं की पोपट झोपतो, तसं काहीसं डोक्यात होतं. सगळे गेल्यावर अकरा वाजता स्टुलावर चढून खोळ घातली. काय बसली होती! एक सुरकुती नाही.

सव्वाअकराला शाळेतून फोन. मुलगी म्हणते तिला काही दिसत नाही. वर्गात उभी राहून ओरडतेय, दिवा लावा. फोन ठेवते तोवर सूनबाईंच्या ऑफिसातली बाई — घाबरू नका, त्यांना अचानक अंधारी आलीय. मुलाला मी फोन केला. तो म्हणाला, आई, इथली वीज गेलीय बहुतेक. मागून कुणीतरी त्याला म्हणत होतं, साहेब, वीज आहे, ऊन आहे, तुम्ही बसा.

मी खोळ ओढली. खेचली. कर्र असा आवाज झाला. दोन मिनिटांत शाळेचा पुन्हा फोन, दिसतंय आता तिला.

दुमडीत एक टाचणी राहिली होती. चाळीस वर्षांत मी कापडात टाचणी विसरले नाही. कधीच नाही. काचेवर वीतभर ओरखडा, उजवीकडे. सोफ्यावर ती बसते तिथे. काचेतली भिंगरी दोन्ही हातांनी कपाळ धरून रडत होती आणि आवाज येत नव्हता.

साडेतीनला शाळेची गाडी आली. पोरीच्या भुवईपासून कानापर्यंत बारीक लाल रेघ. कशाने लागलं विचारलं तर म्हणाली, लागलं? रडली नाही.

तारीख १५, शनिवार

कालच्या अंधारीवर डॉक्टरांनी तिघांना अशक्तपणा सांगितला. ताकदीच्या गोळ्या दिल्या.

मी सगळं कबूल केलं. खोळ, टाचणी, काचेतली माणसं. सूनबाई कूस बदलावी तशा टीव्हीकडे वळल्या. मुलगा मात्र ओरखडा बघून जागा झाला, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. माझ्यावर ओरडला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! ओरड बाळा, अजून ओरड, म्हटलं.

मग त्याने कंपनीला फोन लावला. बोलता बोलता विझत गेला. काच दुरुस्त होत नाही, म्हणाला, टीव्हीच बदलून देतात. येत्या शनिवारी अकराला माणसं येतील, नवा लावतील, जुना घेऊन जातील.

मी विचारलं, जुन्याचं काय करतात?

म्हणाला, काय करणार? मोडीत काढतात. फोडून भुगा करतात.

तारीख १७, सोमवार

पाया पडले. पोटच्या पोराच्या पाया पडले. म्हटलं, नवा घे, दहा घे, हा घरात राहू दे. माझ्या मशीनमागे भिंत रिकामी आहे. तो म्हणाला, आई, जुना दिल्याशिवाय नवा देत नाहीत. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात तुला एका चांगल्या डॉक्टरांना दाखवू. या वेळी डोळ्यांच्या नाही.

सूनबाईंना म्हटलं, तुमची लेक त्यात आहे. त्या म्हणाल्या, लेक सोफ्यावर आहे आई. खरंच होती सोफ्यावर. तिला ठेवलं तशी.

तारीख १८, मंगळवार

कंपनीला मीच फोन केला. माणूस नाहीच तिथे, बाईचा साठवलेला आवाज. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मी म्हटलं, बाई, नको आहे, येऊ नका. ती म्हणाली, समजलं नाही, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. शेवटी दोन दाबलं. ती म्हणाली, धन्यवाद, आपली शनिवारची वेळ पक्की झाली आहे.

मी तशीच फोन धरून बसले. हसू आलं. मग नाही आलं.

तारीख १९, बुधवार

काचेतली भिंगरी आता सोफ्यावर बसत नाही. पुढे आलीय. दोन्ही तळवे काचेला लावून उभी असते. ती काहीतरी बोलते. ओठांवरून दोनच अक्षरं कळतात. आजी.

तिचे आईबाप मागे बसलेत. तिथेही तिच्याकडे लक्ष नाही त्यांचं. तिथूनही ते इकडेच बघत बसलेत, रिकाम्या खोलीकडे. पोर तिथे एकटी आहे.

मी बोट लावलं काचेला, तिच्या बोटावर. गार.

तारीख २०, गुरुवार

फोडावी? टाचणीने कपाळ फाटलं. फोडली तर —

वायर कापावी? खोळ घातली तर आंधळी झाली. वायर कापली तर काय बंद पडेल?

कात्री घेऊन दोनदा उभी राहिले. दोनदा परत ठेवली.

लपवता येत नाही. उचलता येत नाही. वर आणताना दोन हमाल लागले होते.

सोफ्यावरच्या भिंगरीला मांडीवर घेतलं. वजनच नाही. केस विंचरले. दुखलं का विचारलं. नाही. भूक? नाही. मी कोण? बराच वेळ बघून म्हणाली, तुम्ही शिवता.

तुम्ही.

तारीख २१, शुक्रवार, सकाळ

एकच गोष्ट माझ्या हातात आहे. ती मी ठरवली.

मी त्याच्यासमोर कधी बसले नाही. पुसायला गेले, मोजायला गेले, बसले नाही. म्हणून मी अख्खी आहे. आज बसते. डॉक्टरांना काय कळतंय. टीव्ही लावायचा, वही मांडीवर घ्यायची आणि बघायचं.

तिथे तिला कुणीतरी हवं.

दुपार

चार तास झाले. काय दाखवतात, सांगता येत नाही. छान आहे.

मुलगा ऑफिसातून लवकर आला, शेजारी बसला. 

संध्याकाळ

टीव्ही बंद केला. काचेत आम्ही चौघं. मी उठले, मोरीत जाऊन तोंड धुतलं, परत आले.

काचेतली मी उठली नव्हती.

भिंगरी तिच्या मांडीवर चढलेली. माझ्या मांडीवर. ओझं जाणवतं. मोरीत उभी होते तेव्हाही जाणवत होतं, बोचरी हाडं तिची. पोर जड आहे. बरं वाटलं.

तारीख २२, शनिवार

साडेदहा. मशीनवर बसून लिहितेय, पण दिसतंय ते सोफ्यावरून दिसावं तसं. अक्षर वेडंवाकडं जाईल.

लिहायचं होतं ते काही — शब्द येत नाहीत. ते तिकडे राहिलेत.

भिंगरीने काचेवर आतून श्वास सोडला. वाफ धरली. बोटाने चांदणी काढली. पाच टोकांची. एक लांब.

आठवण आहे तिला.

अकरा

आले. दोघं आहेत. मुलगा म्हणाला, या. मी म्हटलं, नका नेऊ. म्हटलं की नाही, माहीत नाही, कुणी मागे पाहिलं नाही. एकाने विचारलं, आजींना बरं नाही का? मुलगा म्हणाला, असेल.

खिळ्यावरून काढतायत —

जमीन कलंडली. मी मशीनला धरलंय तरी कलंडतेय. सोफा सरकतो. मुलगा सूनबाई गडगडत — इकडे या रे, हात द्या — बघतच नाहीत —

भिंगरीला घट्ट धरलं. म्हणते, आजी, कुठे नेतात? म्हटलं, फिरायला. आवाज ऐकू आला तिचा. आज पहिल्यांदा —

म्हणतायत, झाकून घ्या, काच आहे. माझी खोळ घेतली. निळी. बरोबर बसेल ती. मापाची आहे. वरून सरकव —

ऊन होतं आत्ता खिडकीत. पेन हातात आहे. डोळे उघडे आहेत माझे, उघडे

ओळीवर जातंय की नाही

जिना. प्रत्येक पायरी अंगाला

रडू नको. मी आहे. हात सोडू नको. भिंगरे, हात — हा तुझा नाही — भिंगरे, कुठे आहे तुझा हा